ई-रीडर घ्यायचाय? पुस्तक आत कोणत्या वाटेनं येणार, ते आधी ठरवा

पानोपानी

नमस्कार मंडळी. कोणता ई-रीडर घेऊ, हा प्रश्न इतर धाग्यांच्या प्रतिसादांत येत राहतो आणि तिथेच हरवतो. म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. मी बरीच वर्षं ई-पुस्तकं वाचायची ही यंत्रं वापरते, घरच्यांना आणि मैत्रिणींना लावूनही दिली आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालंय की पडदा किती इंची आणि मेमरी किती जीबी हे पाहण्याआधी, आपली पुस्तकं या यंत्रात कुठून आणि कशी येणार, याचा विचार व्हायला हवा. बाकी सगळं त्याच्या मागून.

असं म्हणते, कारण पडद्याच्या बाबतीत आता फारसं डावंउजवं उरलेलं नाही. अ‍ॅमेझॉनचं किंडल घ्या, कोबो घ्या, पॉकेटबुक घ्या, आतला कागदासारखा पडदा 'ई इंक' या एकाच कंपनीच्या तंत्रावर चालतो. एमआयटीमधल्या संशोधनातून १९९७ मध्ये ही कंपनी निघाली. पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या असतात, कुप्यांत काळे आणि पांढरे कण, आणि दोघांवर एकमेकांविरुद्ध विद्युतभार. विजेच्या इशाऱ्यावर एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. पुढे वीज थांबवली तरी अक्षरं जागची हलत नाहीत. म्हणून पान उलटतानाच काय ती बॅटरी खर्च होते. उजेडही मोबाइलसारखा मागून डोळ्यांत येत नाही, कडेचे दिवे तो पडद्यावरून पसरवतात. अक्षरांच्या रेखीवपणासाठी ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) ही आता वरच्या मॉडेलांची मक्तेदारी नाही, २०२२ पासून सगळ्यांत साध्या किंडललाही तेवढाच पडदा आहे.

मग खरा फरक पडतो कुठे? फाइलींच्या प्रकारांत आणि जोडणीत.

पहिलं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं, त्यात वायफाय नव्हतंच. मोबाइलच्या नेटवर्कवरून पुस्तक थेट यंत्रात उतरायचं, आणि त्या जोडणीचं वेगळं बिल यायचं नाही. पुढे वर्षानुवर्षं 'नुसतं वायफाय' आणि 'वायफाय अधिक ३जी' अशा दोन रूपांत मॉडेलं मिळत होती आणि 'कुठेही पुस्तक' या आशेनं लोक ३जीवालं घेत होते. मग २०२१च्या अखेरीपासून अमेरिकेत ती जुनी नेटवर्कं बंद होत गेली. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या किंडलना तिथे नेटवर यायला काही मार्गच राहिला नाही. यंत्रं धडधाकट होती, पडदे चांगले होते, फक्त समोरचा टॉवर गेला. केबलनं पुस्तक टाकायची सोय मात्र शाबूत राहिली.

मला यातून हे दिसतं की बिनतारी जोडणी ही दुसऱ्या कुणीतरी चालू ठेवलेली सोय असते आणि केबल आपल्या हातात असते. ई-रीडर दहा-दहा वर्षं टिकतो, त्यामुळे हा मुद्दा मोबाइलपेक्षा इथे फार मोठा ठरतो. माझी पहिली कसोटी हीच: खातं न उघडता, नेट न लावता, संगणकावरची फाइल केबलनं आत टाकून हे यंत्र ती उघडतं का?

आपापले अनुभव आणि प्रश्न लिहा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला.

निशाचर_वाचक

वेळेवर धागा आला. माझं किंडल पेपरव्हाइट आणि कोबो क्लारा बीडब्ल्यू यांच्यात अडलंय. वाचन बरंचसं इंग्रजी कादंबऱ्यांचं, विकत घेऊन. अधूनमधून मराठी. रात्री अंथरुणात पडून वाचतो, तेव्हा हलकं असलेलं बरं. काय सुचवाल?

पानोपानी

@निशाचर_वाचक, पेपरव्हाइटचं २०२४चं मॉडेल ७ इंची आहे, वजन २११ ग्रॅम. क्लारा बीडब्ल्यू ६ इंची, १७४ ग्रॅम. दोन्हींत ३०० पीपीआय, दोन्हींचा उजेड पिवळसर करता येतो, दोन्ही पाण्यात पडली तरी वाचतात. पडून, एका हातात धरून वाचणाऱ्याला चाळीसेक ग्रॅमचा फरक मनगटात जाणवतो. कव्हर लावलं की वजन आणखी वाढतं, तेही धरा.

पण तुमचा निर्णय वजनावर होऊ नये. इंग्रजी पुस्तकं कुठून घेता? आधीपासून अ‍ॅमेझॉनच्या खात्यात पन्नास पुस्तकं पडून असतील तर किंडलच घ्या, कारण ती पुस्तकं कोबोवर सरळ उघडणार नाहीत. पाटी कोरी असेल तर मी कोबो म्हणेन. तो ईपब या प्रकारची ई-पुस्तकाची फाइल थेट उघडतो, आणि ईपब हे कुणा एका दुकानाचं स्वरूप नाही, खुलं मानक आहे. आता ते डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था सांभाळते.

गोफण

पण किंडलवर आता ईपब चालतं ना? मी तर नेहमी पाठवतो.

तारतम्य

@गोफण, चालतं आणि चालत नाही, दोन्ही खरं आहे. तुम्ही 'सेंड टू किंडल'नं ईपब पाठवता तेव्हा ती फाइल आधी अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर जाते, तिथे त्यांच्या स्वरूपात बदलली जाते आणि मग तुमच्या यंत्रावर उतरते. ही सोय २०२२ पासूनची. तीच ईपब फाइल केबल लावून किंडलच्या फोल्डरात टाकून बघा, यादीत दिसणारच नाही. केबलनं टाकायची तर आधी संगणकावरच्या कॅलिबर या सॉफ्टवेअरमध्ये तिचं एझेडडब्ल्यू३ (किंडलला चालणारं स्वरूप) करून घ्यावं लागतं.

म्हणजे पानोपानींच्या कसोटीला किंडल अर्धवट उतरतं. आत जायचा रस्ता आहे, पण ईपबला नाही.

पाठवायच्या मर्यादाही लिहून ठेवतो, लोक त्यावर अडतात. वेबपानावरून २०० एमबीपर्यंतची फाइल जाते, ईमेलनं ५० एमबीपर्यंत. ईमेलनं पाठवताना आपला पत्ता खात्यात मंजूर पाठवणाऱ्यांच्या यादीत असावा लागतो. नाहीतर मेल गेल्यासारखी वाटते आणि पुस्तक काही येत नाही.

गोफण

अच्छा, म्हणून ते केबलनं टाकलेलं दिसत नव्हतं! धन्यवाद तारतम्य. कॅलिबर वापरायला कठीण आहे का?

तारतम्य

कठीण नाही, फक्त गर्दीचं आहे. पहिल्यांदा उघडल्यावर बटणं पाहून माणूस बिचकतो. पण रोज लागतात त्या तीनच गोष्टी: पुस्तक आत घेणं, स्वरूप बदलणं, यंत्राकडे पाठवणं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या एका रीडरसाठी ते लिहायला घेतलं आणि आजतागायत ते मोफत आहे, खुलं आहे. रीडर कुठल्याही कंपनीचा घ्या, कॅलिबर बसवाच.

एक कमी वापरली जाणारी सोय त्यात आहे. 'कंटेंट सर्व्हर' चालू केला की घरातल्या वायफायवर रीडरच्या ब्राउझरमधून आपलीच पुस्तकं उतरवून घेता येतात. केबल नको, कुणाचा सर्व्हर नको, फाइल घराबाहेर जात नाही. ब्राउझर ओबडधोबड असतो, पण एवढ्या कामाला पुरतो.

सायंतारा

वेगळा प्रश्न. आईसाठी घ्यायचाय. तिचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, छापील पुस्तकातलं बारीक अक्षर आता जमत नाही. वाचनाची मात्र विलक्षण ओढ. सगळं मराठी वाचते. मोबाइलवर वाचायला दिलं तर डोळे चुरचुरतात म्हणते. तिला कोणता सोपा जाईल? मी दुसऱ्या गावी असते, त्यामुळे प्रत्येक पुस्तक केबलनं टाकायला मी तिथे असणार नाही.

पानोपानी

@सायंतारा, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं, कारण ज्यांना या यंत्राचा सगळ्यांत जास्त उपयोग व्हावा अशा वाचकांपैकी तुमच्या आई आहेत.

इथे माझं केबलचं तुणतुणं मी बाजूला ठेवते. दुरून पुस्तक पाठवायचं असेल तर ईमेलची वाट हवी. किंडलला ती आहे. पॉकेटबुकलाही आहे, प्रत्येक यंत्राला ईमेल पत्ता घेता येतो आणि त्यावर ईपब पाठवलं की यंत्र नेटवर आल्यावर उतरतं. कोबोच्या लिब्रा कलर, सेज अशा वरच्या मॉडेलांवर ड्रॉपबॉक्स आणि गुगल ड्राइव्ह जोडता येतात. तुम्ही तिथून ड्राइव्हमध्ये फाइल टाकायची आणि आईंनी इथून उतरवून घ्यायची. त्यात आईंना दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागतील, पण शिकवलं की जमतं.

आकार ७ इंची घ्या, ६ नको. अक्षर मोठं केलं की ६ इंची पडद्यावर ओळीत तीन-चार शब्द मावतात आणि दर काही सेकंदांनी पान उलटावं लागतं, वाचनाचा सूर लागत नाही. पान उलटायला खरी बटणं असतील तर फार सोयीचं, म्हातारपणी बोटं कोरडी पडतात आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. लिब्राला अशी बटणं आहेत. किंडलमध्ये ती ओएसिसला होती, पण ते मॉडेल बंद झालं.

फक्त लिब्रा आता रंगीत पडद्याची आहे, त्याची पार्श्वभूमी साध्या पडद्यापेक्षा थोडी काळपट दिसते. मोतीबिंदूनंतरच्या डोळ्यांना ते कसं वाटेल, हे घेण्याआधी कुणाकडे तरी प्रत्यक्ष पाहता आलं तर पाहा.

अक्षरओढ

सायंताराताई, मराठीसाठी फॉन्टचं बघून घ्या, माझा आग्रह आहे. किंडल आणि कोबो दोन्हींवर केबल लावली की फॉन्टचा फोल्डर असतो (कोबोवर नसेल तर 'फॉन्ट्स' नावानं इंग्रजीत आपण तयार करायचा), त्यात आपला फॉन्ट टाकता येतो. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत मिळतो आणि पुस्तकी मजकुराला शोभतो. ज्यांना ठसठशीत, सरळ वळणाचं अक्षर हवं त्यांनी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा. आईंना दोन्ही दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या. मी पाहिलंय की नजर कमी झालेल्या माणसांना अक्षराच्या आकाराइतकीच त्याची जाडीही लागते. जाडी वाढवायची सोय दोन्हींत आहे.

कोबो घेतला तर एक लक्षात असू द्या. आपण टाकलेलं साधं ईपब त्यावर एका इंजिनातून दिसतं आणि त्यांचं स्वतःचं केपब स्वरूप दुसऱ्याच. त्यामुळे जोडाक्षरं किंवा रफार एकात विस्कटलेला दिसला तर पुस्तक टाकून देऊ नका, केपब करून पुन्हा पाहा. कॅलिबरला त्याची जोड मिळते. तेही नाही जमलं तर केओरीडर. ते मोफत वाचन-सॉफ्टवेअर कोबो आणि पॉकेटबुकवर सहज बसतं आणि देवनागरीची मांडणी नीट करतं. आईंसाठी मात्र ते जरा जड होईल, पडद्यावर पर्याय फार आहेत.

सायंतारा

पानोपानी, अक्षरओढ, दोघींचे मनापासून आभार. शेजारी एकांकडे लिब्रा आहे, आईला तिथे नेऊन दाखवते.

रानवाट

माझं काम फिरतीचं आहे. आठवडेच्या आठवडे धड नेट नसतं अशा ठिकाणी असतो, तेव्हा माझ्याकडून एक-दोन गोष्टी.

जाण्याआधी पुस्तकं *खरोखर* उतरली आहेत का ते तपासा. मुखपृष्ठ दिसतं म्हणजे पुस्तक यंत्रात आहे असं नाही, ते नुसतं खात्याच्या यादीतलं चित्र असू शकतं. प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघायचं.

मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. पण हॉटस्पॉट दिसतच नाही अशी तक्रार आली तर मोबाइलमध्ये ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ निवडा. जुन्या बऱ्याच रीडरना फक्त २.४ कळतं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करून पाहा. विश्रामगृहांच्या, स्थानकांच्या वायफायवर आधी एक पान उघडून नाव-नंबर भरावा लागतो, तिथे रीडरचा ब्राउझर बहुतेक वेळा अडखळतो. कचेऱ्यांत, विद्यापीठांत वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड दोन्ही मागणारं वायफाय असतं, तेही अनेक रीडरना पेलत नाही. अशा ठिकाणी आपला हॉटस्पॉटच बरा.

आणि जोडणी लागत नाही तेव्हा विमान मोड लावून ठेवा. कंपन्या 'इतके आठवडे बॅटरी' सांगतात तो आकडा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद, असा धरलेला असतो. सिग्नल शोधत राहणारं यंत्र बॅटरी लवकर पितं, हे डोंगरात कळतं.

निशाचर_वाचक

@रानवाट, ब्लूटूथचं काय? प्रवासात ऐकायचं असेल तर?

रानवाट

मी वापरत नाही, जाणकार सांगतील.

तारतम्य

ब्लूटूथ असतं, पण त्याचा पैस छोटा. किंडलवर ते अ‍ॅमेझॉनच्याच ऑडिबलची श्राव्यपुस्तकं ऐकायला आणि दृष्टिहीनांसाठीच्या पडदावाचनाला. कोबोवर त्यांच्याच दुकानातली श्राव्यपुस्तकं ऐकायला. आपल्याकडची साधी एमपी३ फाइल टाकून ऐकू म्हणाल तर दोन्हींवर नाही. पॉकेटबुकच्या काही मॉडेलांवर ते होतं. हेडफोनची पिन घालायची जागा आता यांच्यात नसते. ऐकायचं असेल तर मोबाइल आहेच, त्यासाठी रीडर निवडू नका.

हातसर

मी जरा विरुद्ध बोलतो, राग नसावा.

धागा वाचून असं वाटेल की रीडर घेणं म्हणजे संगणकाचा अभ्यासक्रम आहे. कॅलिबर, केपब, केओरीडर, हॉटस्पॉटची वारंवारता. मला यातलं काही नको. मी किंडल घेतलं, रात्री अकराला एका पुस्तकाविषयी वाचलं, तिथल्या तिथे नमुना उतरवला, आवडला, विकत घेतलं आणि पहाटेपर्यंत वाचत बसलो. ही गोष्ट माझ्या आयुष्यात आधी शक्य नव्हती. माझं वाचन या सोयीमुळे वाढलं. पुस्तक 'माझ्या ताब्यात' आहे की 'खात्यात' आहे यापेक्षा मी ते वाचलं, हे मला मोठं वाटतं. एकदा वाचलेल्या कादंबरीकडे मी परत जात नाही.

पानोपानी

@हातसर, राग कसला? तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि तुमच्यासारख्या वाचकाला किंडलच शोभतं. नमुना उतरवून लगेच वाचायची सोय मलाही प्रिय आहे.

पण मी परत परत वाचणारी आहे. शब्दकोश, संदर्भग्रंथ, कविता, यांच्याकडे दहा वर्षांनी पुन्हा जावंसं वाटतं. अशा वाचकाला ताबा लागतो. दुकानं बंद होतात, हे घडून गेलं आहे. सोनीचं रीडर स्टोअर २०१४ मध्ये बंद झालं, गिऱ्हाइकांना कोबोकडे वळवलं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचा विभाग गुंडाळला, पैसे परत दिले, पण पुस्तकं वाचकांकडून गेली. त्याही आधी, जुलै २००९ मध्ये, हक्क नसलेल्या प्रकाशकानं विकलेली पुस्तकं अ‍ॅमेझॉननं लोकांच्या किंडलवरून दुरूनच पुसली होती. पैसे परत केले, नंतर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. समासात लिहिलेली टिपणं ज्यांची निरुपयोगी झाली त्यांना पैशानं काय भरून मिळणार?

आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात न्यायची सोय अ‍ॅमेझॉननं काढून टाकली. आता घेतलेलं पुस्तक बहुतेक वेळा वायफायवरूनच येतं. ज्याचं जुनं किंडल वायफायला जुळत नाही त्याला केबलची ती एकच वाट होती.

तुम्ही निर्धास्त वाचा. फक्त ज्यांना पुस्तक जपायचं असतं त्यांना हे आधी ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं.

हातसर

२००९चं मला माहीत नव्हतं. टिपणांचा मुद्दा पटला. बाकी मी आहे तिथे सुखी आहे.

जीर्णपत्रे

माझी गरज इथल्या कुणाशीच जुळत नाही बहुतेक. जुनी मासिकं, शंभर वर्षांपूर्वीचे मराठी ग्रंथ, इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेल्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. ६ इंचीवर उघडल्या तर मुंग्यांची रांग. काय करावं?

पानोपानी

अक्षरओढ यांना बोलवा, हा त्यांचा प्रांत.

अक्षरओढ

आलेच. @जीर्णपत्रे, स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातलं अक्षर मोठं होत नाही, फक्त फोटो मोठा होतो. म्हणून इथे पडदाच मोठा लागतो. १० इंची वर्गातलं काहीतरी घ्या: किंडल स्क्राइबचं २०२४चं मॉडेल १०.२ इंची आहे, कोबो एलिप्सा आणि ऑनिक्स बूक्सची मोठी मॉडेलंही त्याच मापाच्या आसपास. जुने ग्रंथ बहुधा लहान आकारात छापलेले असतात, त्यामुळे पानाभोवतीचा पांढरा समास कापला की १० इंचीवर मूळ छपाईइतकंच, कधी जास्तच मोठं दिसतं. मासिकाचं दोन स्तंभांचं पान मात्र अर्धं अर्धं करूनच वाचावं लागतं.

जड फायली, वारंवार मोठं-छोटं करणं, डीजेव्हीयू हे स्कॅन केलेल्या पानांचं स्वरूप, हे सगळं तुम्हाला लागणार, म्हणून मी ऑनिक्स बूक्स सुचवेन. ते अँड्रॉइडवर चालतं, हवं ते वाचन-अ‍ॅप टाकता येतं. त्याची बॅटरी साध्या रीडरइतकी पुरत नाही, हे स्वीकारून घ्या. वजनही आहे. २०२४चं स्क्राइबच ४३३ ग्रॅम भरतं, हे मांडीवर किंवा मेजावर ठेवून वाचायचं यंत्र.

६ इंचीवरच भागवायचं असेल तर के२पीडीएफऑप्ट नावाचं मोफत साधन आहे. ते पानाच्या फोटोतले शब्द कापून नव्या ओळींत मांडतं. केओरीडरमध्येही ते आतच बसवलेलं आहे. देवनागरीत शिरोरेखेमुळे शब्द एकसंध राहतात, म्हणून कापाकापी बऱ्यापैकी नीट होते. पण स्कॅन तिरकं असेल, खालच्या पानाची शाई उमटलेली असेल, तर मात्र ओळी फाटतात.

आणखी एक. काही पीडीएफ स्कॅन नसतात, संगणकावर जुळवलेल्या असतात, दिसायला स्वच्छ. पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असल्या तर ईपब करताना मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल निघतो. अशा वेळी स्वरूप बदलायच्या मागे लागू नका, पीडीएफ आहे तशीच वाचा. आणि काही शोधण्याआधी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या भावंडासारखा मोफत ग्रंथसंग्रह) पाहा. तिथे बरेच मराठी ग्रंथ स्वयंसेवकांनी मजकुरात उतरवून तपासलेले आहेत आणि ईपब म्हणून उतरवता येतात. जुना ग्रंथ मोठ्या अक्षरात वाचायला मिळण्यासारखं सुख नाही. तिथे ज्यांनी ज्यांनी पानं टंकली त्यांचे उपकार मी विसरत नाही.

जीर्णपत्रे

विकिस्रोतावरून ईपब मिळतं हे ठाऊक नव्हतं! आत्ताच एक उतरवून पाहिलं, रफार, र्‍या, सगळं जागच्या जागी. मोठं यंत्र घ्यायचं की हेच आधी वाचून संपवायचं, असा पेच पडलाय.

रंगरेषा

चित्रकथा आणि मुलांच्या पुस्तकांसाठी रंगीत पडदा घ्यावा का? किंडल कलरसॉफ्ट किंवा लिब्रा कलर.

तारतम्य

चित्रकथांसाठी घेऊ शकता, पण छापील चित्राचा रंग मनात धरून जाऊ नका. या दोन्हींत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत गाळणीचा थर असतो. म्हणून काळं-पांढरं ३०० पीपीआय आणि रंगीत १५०. रंग जुन्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसारखे, फिकट. दिवा थोडा वाढवला की बरे दिसतात. मुलांची मोठ्या चित्रांची पुस्तकं ७ इंचीत गुदमरतात, ती टॅब्लेटवर किंवा कागदावरच शोभतात. नकाशे, आलेख, रंगीत खुणा करत अभ्यास करणं, याला मात्र हा पडदा उपयोगी आहे. नुसता मजकूर वाचणाऱ्यानं साधाच घ्यावा, तो जास्त उजळ आणि स्वच्छ दिसतो.

गोफण

वापरलेला, जुना रीडर घेणं कितपत शहाणपणाचं? एक ओळखीतला देतोय, जुनं पेपरव्हाइट आहे.

पानोपानी

@गोफण, जुना घ्यायला हरकत नाही, मी आनंदानं वापरला आहे. पण हातात घेऊन पाहा. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं पान आणून कुठे रेघ, डाग दिसतो का बघा. या पडद्यांच्या आत बहुधा काचेचा पातळ थर असतो, बाहेरून काही न दिसता तो तडकलेला असू शकतो. दिवा लावून कडेला सावल्या पडतात का पाहा. आणि देणाऱ्याच्या समोरच त्याच्या खात्यातून यंत्र काढून घ्या, नाहीतर पुढे तुमच्या खात्याला जोडताना अडेल.

बराच जुना असेल तर सॉफ्टवेअर कधीचं आहे तेही बघा. २०१६च्या मार्चमध्ये जुन्या किंडलना एक अत्यावश्यक अपडेट घ्यायला सांगितलं होतं. ते न घेतलेलं यंत्र दुकानाशी बोलत नाही, अपडेटची फाइल केबलनं टाकावी लागते. चार्जिंगची पिन जुनी मायक्रो-यूएसबी असेल. केबल घेताना एक काळजी घ्या, काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जात नाही. यंत्र बिघडलं असं वाटतं आणि दोष केबलचा असतो.

सागरगोटा

यावरून विचारते. माझ्याकडे नवं किंडल आहे आणि अ‍ॅपलचा मॅक. केबल चार्जिंगवाली नाही, फाइल जाणारीच आहे, तरी मॅकवर किंडल दिसतच नाही. जुनं लगेच दिसायचं. काय चुकतंय?

तारतम्य

@सागरगोटा, तुमचं काही चुकत नाहीये. जुनी किंडलं पेनड्राइव्हसारखी जोडली जायची. २०२४ची नवी मॉडेलं एमटीपी नावाच्या पद्धतीनं जोडली जातात आणि मॅकला ती मुळात येत नाही. विंडोजवर आपोआप दिसतात. मॅकवर ओपनएमटीपी हे मोफत अ‍ॅप बसवा, त्यात यंत्राचे फोल्डर दिसतील. किंवा कॅलिबर थेट जोडणी करतं. पण ही दोन्ही एका वेळी उघडी ठेवू नका, एकानं यंत्र धरलं की दुसऱ्याला मिळत नाही. जोडण्याआधी किंडलचा पडदा उघडून, पासकोड असेल तर टाकून घ्या.

सागरगोटा

कॅलिबरमध्ये दिसलं! आधी ओपनएमटीपी बंद करावं लागलं. आता मराठी फॉन्ट टाकते. फॉन्टची फाइल टीटीएफ चालते ना?

अक्षरओढ

टीटीएफ चालते, ओटीएफही चालते. एकाच फॉन्टच्या साध्या आणि ठळक अशा दोन्ही फाइली टाका, म्हणजे पुस्तकातली ठळक शीर्षकं नीट दिसतील. केबल काढल्यावर पुस्तक उघडून अक्षरांच्या यादीत नवं नाव दिसतं का बघा, नसेल तर एकदा यंत्र बंद करून चालू करा.